व्यंकटराव सेलूकर यांचे पहिले निधन

व्यंकटराव सेलूकर समाजमाध्यमावर वारले, त्याच्या आदल्या दिवशी घरात विशेष असे काही घडले नव्हते. टँकर यायचा दिवस नव्हता, त्यामुळे शांतता होती. बीड बायपासच्या पलीकडे शहर जिथे नव्याने वाढले आहे, तिथे एका इमारतीत सेलूकर राहत. इमारतीला लिफ्ट होती, लिफ्टमध्ये आरसा होता, फाटकावर सोनेरी अक्षरांत 'सरोवर रेसिडेन्सी' असे नाव होते. पाणी तेवढे नव्हते. त्या साली जायकवाडी धरण तळाला गेले होते आणि टँकरला घरातल्या तापट काकांचा मान मिळाला होता. ते केव्हा येतील हे कोणी विचारायचे नाही, आणि आले की सगळ्यांनी उठून धावायचे.

व्यंकटराव गॅलरीत पेपर वाचत बसले होते आणि त्यांची मुलगी मृण्मयी आतल्या खोलीत एका अनोळखी बाईचे सांत्वन करत होती. म्हणजे सगळे नेहमीप्रमाणे होते.

"मृणू, टँकरवाल्याला फोन केला का?"

"केला. म्हणाला, बघतो."

"बघतो म्हणजे येत नाही. पाटबंधाऱ्यात आम्हीसुद्धा बघतोच म्हणायचो."

एवढ्यावर बापलेकीचा त्या दिवसाचा संवाद संपला. व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पाण्याच्या फायली सांभाळलेल्या माणसाला म्हातारपणी दोन तांब्यांत आंघोळ उरकावी लागत होती, पण त्यांची तक्रार नव्हती. वर कळवून काही होत नाही, हे त्यांना आतल्या गोटातून माहीत होते. मृण्मयी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिने पुष्कळ वाचले होते. इतके की मायेचे साधे वाक्य तोंडात आले, तरी ते आधी कुठे तरी वाचल्यासारखे वाटून ती ते गिळून टाकी. त्यामुळे वडिलांशी तिचे बोलणे टँकर, रक्तदाबाची गोळी आणि पंखा या तीन विषयांच्या बाहेर फारसे गेले नव्हते.

ही काटकसर घरापुरती होती. बाहेर ती उधळी होती. 'मायेची ओंजळ' नावाचा फेसबुकवर एक गट होता. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे तिथे एकमेकांचे डोळे पुसत. मृण्मयीचा तिथे दबदबा होता. नगरच्या एका बाईंचा पोपट गेला तेव्हा तिने लिहिलेल्या चार ओळी लोकांना इतक्या भिडल्या, की पुढे त्या कितीतरी आजोबांसाठी आणि फुलंब्रीच्या एका म्हशीसाठीही वापरल्या गेल्या. गटाने तिला 'सांत्वनरत्न' हे बिरूद दिले होते. ते तिच्या नावापुढे पिवळ्या रंगात दिसे. हा रंग जरा भडक आहे, असे ती मनातल्या मनात म्हणे आणि पुन्हा पुन्हा बघे.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. निवृत्त कर्मचारी संघाने त्यानिमित्त आधीच्या आठवड्यात त्यांचा सत्कार केला होता. त्यातला एक फोटो मृण्मयीने निवडला. फोटोत संघाचे पदाधिकारी गर्दी करून उभे होते, म्हणून तिने ते कापले. रंग बटबटीत वाटले, म्हणून फोटो कृष्णधवल केला. उरले ते टोपीतले, गळ्यात हार घातलेले, गंभीर व्यंकटराव. उद्गारचिन्हांचा तिला तिटकारा होता. केकची चित्रे, फुगे वगैरे तिच्या अभिरुचीत बसत नव्हते. फोटो गटात टाकून तिने खाली लिहिले, 'बाबा. पंच्याहत्तर वर्षं.' आणि टँकर आला म्हणून ती बादल्या घेऊन खाली गेली.

हार घातलेला कृष्णधवल म्हातारा आणि खाली पूर्णविराम. मराठी माणसाला याहून अधिक काही वाचावे लागत नाही.

पहिली श्रद्धांजली गुलमंडीतले कापड-दुकानदार बद्रीनाथ यांनी वाहिली. ती भावपूर्ण होती. दुसऱ्याने पहिल्याची वाचली, तिसऱ्याने दुसऱ्याची, आणि ड्रम भरून मृण्मयी वर येईपर्यंत तिचे वडील सर्वानुमते गेलेले होते. एका बाईंनी त्यांच्यासाठी दिवा लावला होता. दुसऱ्या एका बाई ऑफिसात रडल्या होत्या आणि त्यांना अर्धी रजा टाकावी लागली होती.

मृण्मयीने घाईने लिहिले, 'गैरसमज होतो आहे. बाबा जिवंत आहेत. आत बसून भेंडी चिरत आहेत.'

यावर गट गहिवरला. 'रडून घ्या ताई,' असे लोक लिहू लागले. गटाच्या मुख्य भावसमन्वयक मनस्विनीताई पुण्याहून स्वतः प्रकट झाल्या. त्यांनी मार्गदर्शक टिपण जोडले. 'दुःखाच्या पाच अवस्था असतात. पहिली नकाराची. या अवस्थेत आप्त जिवंत असल्याचे, भाजी चिरत असल्याचे भास होतात. सदस्यांनी कृपया वाद घालू नये. भेंडीविषयी प्रेमाने विचारावे.'

सदस्यांनी भेंडीविषयी प्रेमाने विचारले. दोघींनी पाककृती दिल्या.

ग्रंथालयातली तिची सहकारी विशाखा छावणी भागात राहायची आणि तिथल्या बाजारासारखी मोकळी बोलायची. दुसऱ्या दिवशी तिने फोनमध्ये डोके घालून सगळे वाचले आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, हा काय तमाशा हो? बाप घरी बसलाय अन् तिकडं लोक दिवे लावायलेत! उद्या दहावा घालतील."

"मी लिहिलं गं, जिवंत आहेत म्हणून."

"तुम्ही लिहिलं म्हणजे असंच लिहिलं असंल, हळूच. शंख करायचा असतो अशा वेळी! आता एक करा, पेपर द्या काकांच्या हातात. आजचा. तारीख दिसली पायजे. पळवून नेलेल्या माणसाचा काढतात ना, तसा फोटो टाका."

मृण्मयीने तसा फोटो टाकला. व्यंकटराव आजचा पेपर छातीशी धरून उभे होते, चेहऱ्यावर ओळखपत्राच्या फोटोतला भाव होता. मनस्विनीताईंनी तातडीने खुलासा प्रसृत केला, की हल्ली यंत्राकडून गेलेल्या माणसांचे असे फोटो तयार करून घेता येतात. तारीखसुद्धा किती हुबेहूब आली आहे, परंतु हे मनाच्या आरोग्यास हितकारक नाही. मृण्मयी दुसऱ्या अवस्थेत जाण्यास विरोध करत असल्याची नोंद घेण्यात आली.

त्या संध्याकाळी तिने गट सोडायचे ठरवले आणि तसे वडिलांना सांगितले.

"सोडू नको गं," व्यंकटराव म्हणाले. "मला अजून सगळं वाचायचंय."

"बाबा, लोक तुम्हाला मेलेले समजतात."

"समजू दे की. हे बघ काय लिहायलेत. 'देवमाणूस.' 'वटवृक्ष.' नोकरीत उभ्या हयातीत साहेबानं गोपनीय अहवालात 'साधारण'च्या वर शेरा दिला नाही. अन् ही परभणीची बाई, जिनं मला बघितलंसुद्धा नाही, ती म्हणते वटवृक्ष! एवढ्या लोकांचं मन मोडायचं का?"

"पण हे खोटं आहे."

"खोटं नाही, मुदतपूर्व आहे. आगाऊ आदेश निघालाय म्हण. अंमलबजावणी होईल सावकाश."

तेव्हापासून घराचा दिनक्रम बदलला. रोज संध्याकाळी दोघे चहा घेऊन गॅलरीत बसत आणि मृण्मयी त्या दिवशी आलेली श्रद्धांजली मोठ्याने वाचून दाखवी. व्यंकटराव शेरे मारत. "'आत्म्यास चिरशांती लाभो.' चिर कशाला? थोडी हालचाल असू दे की." "हा मजकूर या आधीच्या बाईंनी दिलाय, नक्कल नामंजूर." "ह्यांना उत्तर दे, म्हणावं, दुःख पोचलं, आभारी आहे." एकदा वाचता वाचता मृण्मयीला इतके हसू आले की चहा तिच्या नाकात गेला, आणि व्यंकटराव तिच्या पाठीवर चापट्या मारत राहिले. तिच्या शाळकरी वयानंतर त्यांनी तिच्या पाठीला हात लावल्याचे तिला आठवत नव्हते. एकमेकांशी बोलायला त्या घराला अखेर एक विषय मिळाला होता, आणि तो व्यंकटरावांचे निधन हा होता.

एकदा मनस्विनीताईंचा फोन आला तो नेमका चहाच्या वेळी. मृण्मयीने स्पीकर लावला. "राणी, एकटी नाहीस ना?" ताईंनी विचारले. मृण्मयी काही बोलायच्या आत व्यंकटराव म्हणाले, "नाही, मी आहे ना. मी बघतो तिच्याकडे."

"बरं झालं, घरात कुणी तरी वडीलधारं आहे," ताई म्हणाल्या. "काका, तिला आता एकटं सोडू नका."

"माझ्याकडून होईल तेवढं करतो," व्यंकटराव म्हणाले.

यथावकाश बद्रीनाथांनी गुलमंडीत आपल्या दुकानापुढे पाणपोई उघडली. दुष्काळात पाणपोईसारखे पुण्य नाही, आणि तिच्यासाठी एखादे कैलासवासी लागतात. त्यांना ते गटात आयते मिळाले होते. फलकावर टोपीतले व्यंकटराव होते, खाली 'यांच्या स्मरणार्थ' होते, आणि त्याहून मोठ्या अक्षरांत दुकानाचे नाव होते. हे कळल्यावर व्यंकटरावांनी तिथे जायचा हट्टच धरला. उन्हं उतरल्यावर दोघे रिक्षाने गेले.

व्यंकटराव आपल्याच फलकाखाली उभे राहिले आणि दोन पेले पाणी प्यायले.

"पियो काकाजी, भरपूर पियो," बद्रीनाथ गल्ल्यावरून म्हणाले. "तुम्ही ओळखत होते का हो, सेलूकरसाहेबांना?"

"थोडंफार," व्यंकटराव तोंड पुसत म्हणाले. "माणूस तसा किरकिऱ्या होता."

बद्रीनाथांचा चेहरा पडला. "असं नका बोलू. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का? देवमाणूस होते! मी इथं फेसबुकवर रोज वाचतो त्यांच्याबद्दल."

"तुमची भेट झाली होती?"

"भेट कशाला पायजे? आपलेपणा असला म्हणजे झालं." मग त्यांनी व्यंकटरावांकडे जरा निरखून पाहिले. "तुमचा चेहरा थोडा मिळताजुळता वाटतो हो."

"लोक म्हणतात तसं," व्यंकटराव म्हणाले. "रांजण मात्र घासायला पाहिजे. शेवाळ धरलंय."

परतताना ते खुशीत होते. पैठण गेटाजवळ नव्या जलवाहिनीसाठी रस्ता खोदून ठेवलेला होता. रिक्षा तिथे अडकली, आणि व्यंकटरावांनी सहज म्हणावे तसे म्हटले, "मृणू, एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं. मी सगळं वाचलं. तुझं काही सापडलं नाही."

"माझं काय?"

"तू काय लिहिलंस, माझ्याबद्दल?"

मृण्मयीने खड्ड्याकडे पाहिले. कुणाच्या पोपटासाठी जिला चार ओळी लगेच सुचल्या होत्या, तिला आता एकही सुचेना. म्हणजे सुचली, पण ती फार चांगली होती. "मी कशाला लिहू, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही आहात ना समोर."

"हां, तेही खरंच," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी खड्ड्यातले कोरडे पाइप मोजले. "लिहिलंस तर दाखव मात्र."

ती हो म्हणाली. तिने 'बघतो' म्हटले नाही, एवढेच.

दरम्यान गटातली तिची प्रगती उल्लेखनीय होती. राग, सौदा आणि खिन्नता या अवस्था तिने विनातक्रार पार केल्याचे मनस्विनीताईंनी परस्पर जाहीर केले. एवढे संयत दुःख गटाने पाहिले नव्हते. तिला शहराच्या दक्षिण विभागाची 'आधारदूत' नेमण्यात आले. काम असे होते, की विभागात कुणाचे माणूस गेले, तर त्याला फोन करायचा, ठरलेले तीन प्रश्न विचारायचे, आणि ध्वनिमुद्रण कार्यालयाकडे पाठवायचे. जेवलात का? सोबत कोण आहे? आणि गेलेल्या माणसाला काय सांगायचे राहिले? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक आधी 'काही नाही' म्हणतात, तेव्हा आधारदूताने फोन ठेवू नये, पुन्हा विचारावे, अशी सूचना होती. मृण्मयी हे काम उत्तम करी. तिच्या आवाजातल्या मायेने लोक ढसाढसा रडत. गॅलरीतून व्यंकटराव ऐकत असत.

ज्येष्ठ सरत आला तरी आभाळ कोरडेच होते. एका दुपारी टँकर आल्याची वर्दी द्यायला मृण्मयी गॅलरीत गेली, तेव्हा व्यंकटराव खुर्चीतच गेलेले होते. पेपर मांडीवर होता. तिने त्यांना दोनदा हाक मारली, आणि दोन्ही वेळा फक्त 'टँकर आलाय' एवढेच म्हणाली.

वाचकहो, आपण त्यांना मघाशीच हार घालून मोकळे झालेलो आहोत. आता पुन्हा नव्याने वाईट वाटून घेणे आपल्याला जड जात असेल, तर त्यात संकोच मानू नये. सगळ्यांचेच तसे झाले.

सोपस्कार झाले. स्मशानातून आलेल्या माणसांना आंघोळीला पाणी पुरेना, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापल्या ड्रममधून एकेक बादली काढून दिली, आणि विशाखा छावणीतून स्कूटीवर दोन कॅन घेऊन आली. तिने पिठलं-भाकरी समोर ठेवली, "खा मॅडम," म्हणाली आणि दुसरे काही बोलली नाही. पण त्या वर्षी ज्याच्या-त्याच्या घरी पाणी भरायचे असे. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या टँकरकडे गेले. पुण्याहून भाऊ मंदार आला होता, तोही तिसरा दिवस उरकून परतला.

मग मृण्मयीने गटात लिहिले, 'बाबा गेले.' फोटो लावला नाही.

पहिले उत्तर बद्रीनाथांचे आले. 'ताई, पाणपोई चालू आहे. काळजी नसावी. रांजणसुद्धा घासून घेतला.' दुसरे उत्तर यायच्या आत नोंद नाहीशी झाली, आणि सूचना आली. 'प्रिय सदस्य, आपले दुःख यापूर्वी प्रकाशित झालेल्या दुःखाशी मिळतेजुळते असल्याने काढून टाकण्यात आले आहे. एका आप्तासाठी सांत्वन एकदाच देय आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

तिने मनस्विनीताईंना फोन लावला.

"ताई, बाबा आता खरंच गेले."

"हो राणी."

"तेव्हा गेले नव्हते. आता गेलेत. परवा. खरंच."

पलीकडून ताई म्हणाल्या, "तुझ्या तोंडून हे ऐकायची मी किती दिवस वाट बघत होते, तुला कल्पना नाही. खरंच गेले! किती सहज म्हणालीस! हीच गं पाचवी अवस्था, स्वीकाराची. अभिनंदन."

तरीही मनस्विनीताई मनाने चांगल्या होत्या, त्यांनी तिला वाऱ्यावर सोडले नाही. दुःख उलटल्यास त्यासाठी गटात 'पुनःशोक कक्ष' होता. त्यांनी प्रकरण तिकडे वर्ग केले. कक्षाचे काम यंत्र पाही. ते शोकग्रस्ताचा पत्ता बघून सर्वांत जवळच्या आधारदूताकडे प्रकरण सोपवी. थोड्याच वेळात मृण्मयीच्या फोनवर आदेश आला. 'शोकग्रस्त : मृण्मयी सेलूकर, सरोवर रेसिडेन्सी. नियुक्त आधारदूत : मृण्मयी सेलूकर, सरोवर रेसिडेन्सी. अंतर : शून्य किलोमीटर. संभाषण मोठ्याने व्हावे. ध्वनिमुद्रण आजच अपेक्षित.'

ती हसली. हे वाचून दाखवायला ती फोन घेऊन गॅलरीत गेली, आणि उंबऱ्यातच थांबली.

दुसरी कोणी असती तर फोन फेकून दिला असता. पण ज्या घरात टेबलावर आलेले काम परत पाठवायचे नाही, असा कडक शिरस्ता होता, त्या घरात ती वाढली होती. शिवाय तिला हे तीन प्रश्न दुसरे कोणी विचारील, असे दिसत नव्हते. ती खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसली. ध्वनिमुद्रण सुरू केले, घसा खाकरला, आणि जो आवाज ऐकून अर्धे शहर रडत असे, तो लावला.

"नमस्कार. 'मायेची ओंजळ'तर्फे बोलतेय. जेवलात का?"

"हो. पिठलं-भाकरी."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"त्यांना काय सांगायचं राहिलं?"

"काही नाही," ती म्हणाली.

आधारदूत थांबली. सूचना तिला पाठ होती. "सावकाश बोला. मी ऐकतेय. काय सांगायचं राहिलं?"

शोकग्रस्त महिलेने एक वाक्य उच्चारले. ते फार सुंदर होते. त्यात आभाळ होते, सावली होती, लय होती. ते वाक्य एखाद्या म्हशीलाही लागू पडले असते. तिने ध्वनिमुद्रण थांबवले, पुसले, आणि पुन्हा सुरू केले. खाली कुणाचा तरी टँकर मागे घेताना पी पी करत होता. तो आवाज थांबेपर्यंत ती खुर्चीकडे बघत राहिली. मग तिचा तो प्रसिद्ध आवाज कुठे तरी गेला, आणि जो उरला तो चिरका, घरातला, गोळी घेतली का विचारणारा होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही लोकांसाठी मेलेले होतात ना, ते दिवस माझे सगळ्यात चांगले गेले. संध्याकाळ कधी होते याची मी ग्रंथालयात बसून वाट बघायची. तुम्ही विचारलं होतं, काय लिहिलंस. काही लिहिलं नाही. मला तुम्ही लई आवडायचात, बाबा."